अरब स्त्रियांचं लेखन, लिंगभाव आणि इस्लाम : अभ्यासकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए.चा लघुप्रबंध, पीएच.डी.चा आराखडा किंवा स्वतःच्या आवडीनं सुरू केलेलं वाचन, यांपैकी कशासाठीही या विषयात पाऊल टाकलं की तेच ते प्रश्न पुढे येतात. त्यांची उत्तरं इथं दिली आहेत. क्रमानं वाचायची गरज नाही.

या विषयात नेमकं काय अभ्यासतात?

इथं तीन वाटा एकत्र येतात. बहुतेक गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतात. पहिली साहित्याची: कविता, कथा, कादंबरी, आत्मचरित्र. दुसरी इतिहासाची आणि समाजशास्त्राची: मासिकं, शाळा, चळवळी, विवाह आणि घटस्फोटाचे कायदे. तिसरी धर्मग्रंथांच्या अर्थाची: कुरआन, हदीस (पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदी), फिक्ह (इस्लामी कायदेशास्त्र) आणि त्यांवरची भाष्यं.

तिन्हींची पुराव्याची रीत वेगळी आहे. साहित्यात ‘हे कोण सांगतंय’ हा प्रश्न आधी येतो, इतिहासात ‘हे कधी घडलं आणि कशावरून’, तर धर्मग्रंथांच्या अभ्यासात ‘हा अर्थ कोणत्या नियमानं काढला’. कादंबरीतल्या पात्राच्या तोंडचं वाक्य उचलून ते शरियतचा पुरावा म्हणून वापरलं की परीक्षक तिथंच थांबतो. आराखड्याच्या पहिल्या पानावर आपली मुख्य वाट कोणती हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. बाकीच्या दोन मदतीला घ्याव्यात.

अरब म्हणजे मुसलमान असं धरून चालतं का?

चालत नाही, आणि या विषयात तर अजिबात नाही. अरबीतलं स्त्रियांचं पहिलं मासिक ‘अल-फतात’ १८९२ मध्ये अलेक्झांड्रियात निघालं. ते काढणाऱ्या हिंद नौफल या सीरियन ख्रिस्ती घराण्यातल्या होत्या. कैरोत दर मंगळवारी साहित्यिक बैठक भरवणाऱ्या मे झियादा यांचा जन्म नाझरेथच्या ख्रिस्ती घरातला. एस्थर अझहरी मोयाल या बैरूतच्या ज्यू संपादक. बुरख्याविरुद्ध १९२८ मध्ये आख्खा ग्रंथ लिहिणाऱ्या नझीरा झैनुद्दीन द्रूझ या लेबनॉन-सीरियातल्या वेगळ्या धर्मपंथाच्या घराण्यातल्या.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. इराण, तुर्कस्तान, पाकिस्तान, इंडोनेशिया हे देश मुस्लिमबहुल आहेत, अरब नाहीत. इराणी कवयित्रीवर लिहायचं असेल तर प्रबंधाच्या शीर्षकात ‘अरब’ हा शब्द नको. भाषेचाही पेच आहेच. अल्जिरियाच्या अस्सिया जेबार आयुष्यभर फ्रेंचमध्ये लिहीत राहिल्या आणि २००५ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून गेल्या. त्यांना ‘अरब लेखिका’ म्हणायचं की ‘अल्जिरियन’, हे कारण देऊन ठरवावं लागतं.

ही परंपरा आधुनिक आहे की जुनी?

दोन्ही. सातव्या शतकातल्या अल-खन्सा यांची भावांवरची शोककाव्यं आजही अरबी शाळांत शिकवली जातात. बसऱ्याच्या राबिआ अल-अदविया, कोर्दोबाच्या वल्लादा, दमास्कसच्या आयशा अल-बाऊनिया ही आणखी काही मोठी नावं. मात्र जुन्या काळातलं स्त्रियांचं लेखन आपल्यापर्यंत आलं ते बहुतांशी पुरुष संकलकांच्या हातून. नवव्या शतकात बगदादच्या इब्न अबी ताहिर तैफूर यानं स्त्रियांच्या वक्तृत्वाचं स्वतंत्र संकलनच केलं. संकलक काय ठेवतो आणि काय गाळतो, हा अभ्यासाचा विषय आहे. शोककाव्य भरपूर टिकलं आणि इतर प्रकार कमी टिकले. त्यावरून ‘स्त्रिया फक्त विलापिका लिहीत’ असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल.

आधुनिक काळाची सुरुवात साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात. आयशा तैमूर (१८४०–१९०२) अरबी, तुर्की आणि फारसी अशा तिन्ही भाषांत लिहीत. दक्षिण लेबनॉनमध्ये जन्मलेल्या झैनब फव्वाज यांनी इजिप्तमध्ये राहून चारशेहून अधिक स्त्रियांची चरित्रं देणारा कोश रचला आणि १८९९ मध्ये कादंबरी लिहिली. तारीख महत्त्वाची आहे. इजिप्तच्या स्त्रीमुक्तीचा आरंभ म्हणून कासिम अमीन या पुरुषाचं १८९९ चं पुस्तक दाखवायची पाठ्यपुस्तकी सवय आहे. हिंद नौफल यांचं मासिक त्याच्या सात वर्षं आधीचं. मराठीत ताराबाई शिंदे १८८२ मध्ये लिहीत होत्या हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या क्रमाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

अरबी यायलाच हवी का? किती वेळ लागतो?

एम.ए.च्या पातळीवर अनुवादावर काम करता येतं, पण तसं प्रस्तावनेत स्पष्ट लिहावं. पीएच.डी.साठी अरबी टाळता येत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना अरबीसाठी सुमारे २,२०० तासांचं वर्गशिक्षण लागतं असं धरते. साहित्य नुसतं वाचण्यापुरतं त्याहून कमी चालतं, तरी दोन वर्षं रोजचा अभ्यास गृहीत धरावा. पहिल्या कादंबरीला सुरुवातीला एका पानामागे तास-दीड तास जातो. पन्नासेक पानांनंतर लेखिकेचा शब्दसाठा ओळखीचा होतो आणि वेग वाढतो. म्हणून तीन लेखिकांची तीस-तीस पानं वाचण्यापेक्षा एकीचीच शंभर पानं वाचावीत.

शब्दकोश वापरताना हमखास अडतं ते मूळ अक्षरांपाशी. हान्स वेर यांचा प्रमाण कोश शब्दाच्या पहिल्या अक्षरानुसार लावलेला नाही, तो धातूनुसार, म्हणजे शब्दाच्या मूळ अक्षरांनुसार, लावलेला आहे. ‘मुस्तश्फा’, म्हणजे रुग्णालय, ‘म’मध्ये शोधाल तर सापडणार नाही. तो श-फ-य या धातूखाली आहे. पहिला महिना निव्वळ धातू ओळखण्याच्या सरावात गेला तरी तो वाया गेला असं समजू नये.

मला उर्दू येते. अरबी सोपी जाईल ना?

लिपी येते, हा मोठा फायदा. पण उर्दूतला अर्थ नकळत अरबीत घुसतो. ‘ग़रीब’ म्हणजे अरबीत परका किंवा विचित्र, पैशानं गरीब नव्हे. ओळखीचा वाटणारा प्रत्येक शब्द पहिले सहा महिने कोशात तपासावा. व्याकरण तर पूर्णच वेगळं आहे.

प्रमाण अरबी शिकलो, तरी कादंबरीतले संवाद कळत नाहीत. असं का?

निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, अशी रीत अनेक इजिप्शियन कादंबऱ्यांत आहे. लतीफा अझ-झय्यात यांची १९६० ची ‘अल-बाब अल-मफ्तूह’ घ्या. तिच्यातला नायिका लैलाच्या घरातला ताण कैरोच्या बोलीतल्या बोलण्यातून उभा राहतो. तिथं हान्स वेरचा कोश पुरत नाही, हाइंड्स आणि बदावी यांचा इजिप्शियन बोलीचा कोश जवळ ठेवावा. मोरोक्को, इराक, ओमान यांच्या बोली त्याहून निराळ्या आहेत. संवाद बोलीत लिहायचे की प्रमाण भाषेत, ही लेखिकेची निवड असते. विश्लेषणात ती नोंदवली पाहिजे. अनुवादात हा फरक बहुधा पुसला जातो.

इंग्रजी अनुवादावर किती विसंबावं?

या प्रश्नावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण इथं अनुवाद म्हणजे बऱ्याचदा वेगळंच पुस्तक असतं. चार उदाहरणं पाहू.

हुदा शारावी (१८७९–१९४७) यांनी आपल्या आठवणी अरबीत चिटणिसाला सांगून लिहून घेतल्या. १९८१ मध्ये त्या कैरोत छापल्या गेल्या. अरबी शीर्षकात त्यांचा उल्लेख आधुनिक अरब स्त्रीच्या अग्रणी असा आहे. १९८६ च्या इंग्रजी आवृत्तीचं नाव ‘हॅरेम इयर्स’. तिच्यात सुरुवातीच्या आयुष्यावर भर दिला गेला आणि मजकुराची मांडणी बदलली. मोहजा कहफ यांनी २००० मध्ये दाखवून दिलं की या फेरमांडणीत राजकीय नेतृत्व मागे सरलं आणि जनानखाना केंद्रस्थानी आला.

नवाल अस-सादावी यांच्या १९७७ च्या पुस्तकाच्या अरबी शीर्षकाचा अर्थ ‘अरब स्त्रीचा उघडा चेहरा’ असा होतो. १९८० मध्ये ते इंग्रजीत ‘द हिडन फेस ऑफ ईव्ह’ म्हणून आलं. उघडा चेहरा झाकला गेला आणि अरब स्त्रीची जागा हव्वेनं घेतली. प्रकरणांची मांडणीही तीच राहिली नाही. अमल अमीरा यांचा २००० चा लेख या साऱ्याची चिकित्सा करतो, आणि तो वाचल्याशिवाय सादावींवर लिहू नये.

रजा अस-सानेअ यांची ‘बनात अर-रियाध’ २००५ मध्ये बैरूतहून आली आणि इंग्रजीत २००७ मध्ये. अनुवादक मेरिलिन बूथ यांनी नंतर जाहीरपणे लिहिलं की त्यांच्या मसुद्यात प्रकाशक आणि लेखिकेनं मोठे फेरफार केले. त्याच बूथ यांनी जोखा अल-हार्थी यांची ‘सय्यिदात अल-कमर’ इंग्रजीत नेली आणि २०१९ चा मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्या दोघींना विभागून मिळाला. मूळ अरबी शीर्षकात चंद्र आहे, इंग्रजीत त्याचे ‘सेलेस्टियल बॉडीज’ झाले.

आता कृती. मूळ आणि अनुवादाची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं समोरासमोर ठेवा. प्रस्तावना कोणाची आहे, मूळात ती होती का, ते पाहा. प्रकरणांची संख्या आणि क्रम जुळवा. तळटीपा कोणी घातल्या ते शोधा. मुखपृष्ठावर काय आहे ते लिहून ठेवा, कारण आत बुरख्याचा उल्लेख नसतानाही बाहेर बुरखाधारी स्त्री छापण्याची प्रथा मोठी आहे. हे सगळं एका तक्त्यात मांडलं तर लघुप्रबंधाचं एक प्रकरण तिथंच तयार होतं. अरबी जेमतेम येत असली तरी इतकं करता येतं.

सुरुवात नवाल अस-सादावींपासून करावी का?

करायला हरकत नाही, पण तिथंच थांबू नये. सादावी (१९३१–२०२१) डॉक्टर होत्या. लैंगिकतेवर लिहिल्यामुळे त्यांची सरकारी नोकरी गेली, १९८१ मध्ये सादात सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांचं धैर्य निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो पाश्चात्त्य विद्यापीठांत त्या एकट्याच संपूर्ण अरब जगाच्या प्रतिनिधी होऊन बसल्या याचा.

त्यांच्याबरोबर निदान आणखी तिघी वाचाव्यात. लतीफा अझ-झय्यात यांच्या कादंबरीत मुलीची सुटका आणि १९४६ ते १९५६ मधला इजिप्तचा वसाहतविरोधी लढा एकाच धाग्यात ओवलेले आहेत. लेबनॉनच्या यादवीसाठी हनान अश-शेख यांची ‘हिकायत झहरा’ (१९८०) वाचावी. प्रकाशक मिळेना म्हणून ती लेखिकेला स्वतःच छापावी लागली होती. पॅलेस्टाइनसाठी नाब्लुसच्या सहर खलीफा. त्यांची १९७६ ची ‘अस-सब्बार’ इस्रायलमध्ये मजुरीला जाणाऱ्या पॅलेस्टिनी कामगारांचा कडवा प्रश्न अंगावर घेते. वेळ असेल तर अहलाम मुस्तगानमी यांची ‘झाकिरत अल-जसद’ (१९९३) घ्यावी. स्त्रीनं लिहिलेली ही कादंबरी पुरुष निवेदकाच्या तोंडून सांगितलेली आहे. ‘स्त्रीचं लेखन म्हणजे स्त्रीचा आवाज’ हे सोपं समीकरण तिथं मोडतं.

संदर्भासाठी रद्वा आशूर आणि सहकाऱ्यांनी संपादित केलेला १८७३ ते १९९९ या काळाचा मार्गदर्शक ग्रंथ हाताशी ठेवा. अरबीत त्याचे चार खंड आहेत, इंग्रजी आवृत्ती २००८ ची. देशवार प्रकरणं आणि लेखिकांची सूची दोन्ही त्यात आहेत.

एखादी कादंबरी प्रत्यक्षात वाचायची कशी?

सादावींची ‘शून्यबिंदूवरची स्त्री’ घेऊ, कारण ती बहुतेकांनी वाचलेली असते आणि सर्वांत चुकीची वाचली जाते ती हीच. खुनाच्या आरोपाखाली फाशीची वाट पाहणारी फिरदौस आपली कहाणी सांगते, एवढंच विद्यार्थी सांगतात. रचना मात्र तीन भागांची आहे. आधी तुरुंगात आलेल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरबाई बोलतात, मध्ये फिरदौस आणि शेवटी पुन्हा डॉक्टरबाई. म्हणजे फिरदौसचा आवाज आपल्याला एका शिकलेल्या, पगारदार, मुक्त स्त्रीच्या कानांतून ऐकू येतो. फिरदौस आधी भेटायला नकार देते तेव्हा डॉक्टरबाईंना जे न्यूनत्व वाटतं ते नीट वाचा. दोघींमधला वर्गभेद तिथं आहे.

मग एक आवर्तन धरा. लहानग्या फिरदौसला आईची आठवण चेहऱ्यानं येत नाही, डोळ्यांनी येते: गडद काळ्याभोवती लख्ख पांढरं वर्तुळ. हीच डोळ्यांची प्रतिमा पुढे शिक्षिका इक्बाल यांच्यापाशी परतते आणि नंतर प्रियकर इब्राहिमपाशी. तिन्ही ठिकाणची वाक्यं एका कागदावर उतरवा, शब्द कुठं तोच राहिला आणि कुठं बदलला यावर खूण करा. आधाराची आस आणि तिचा भंग यांचा नकाशा हाती येतो. ‘पितृसत्तेनं पिचलेली स्त्री’ असं सरसकट विधान करण्यापेक्षा या एका कागदावर अधिक मजकूर असतो.

प्रास्ताविकात सादावी सांगतात की कनातिरच्या तुरुंगात त्यांना खरोखरच अशी एक स्त्री भेटली होती. तरीही हातात आहे ती कादंबरी. जबानी म्हणून तिचा दाखला देता येत नाही.

कादंबरीत जे दिसतं ते इस्लाममुळे असं म्हणता येईल का?

तपासाशिवाय नाही. किमान तीन गोष्टी तपासाव्यात: त्या देशात त्या वर्षी कायदा काय होता, प्रथा शेजारच्या बिगरमुस्लिम समाजात होती का, आणि फिक्हमध्ये तिच्याबद्दल मतभेद होते का.

कायदा देशागणिक बदलतो. ट्युनिशियानं १९५६ मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली. मोरोक्कोनं कुटुंबकायद्यात मोठी सुधारणा केली ती २००४ मध्ये. इजिप्तमध्ये पत्नीला आर्थिक हक्क सोडून ‘खुला’, म्हणजे स्वतःहून घटस्फोट, मागण्याची सोपी वाट २००० च्या कायद्यानं दिली. १९७५ च्या इजिप्शियन कादंबरीतली नायिका कोर्टात का जात नाही, याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधण्याआधी त्या काळचा कायदा पाहावा.

मुलींच्या सुंतेचं उदाहरण आणखी बोलकं आहे. इजिप्तमध्ये ती मुसलमानांत होती तशी कॉप्टिक ख्रिस्ती समाजातही होती. मोरोक्को, अल्जिरिया, ट्युनिशियात ती जवळजवळ नाहीच. म्हणून तिला ‘अरब’ किंवा ‘इस्लामी’ प्रथा म्हणणं चूक ठरतं. पण ‘धर्माशी संबंधच नाही’ हेही टिकत नाही, कारण शाफिई या सुन्नी कायदेपंथाच्या फिक्हमध्ये तिला आधार सांगितला गेला आहे. आपल्याकडे दाऊदी बोहरा समाजातल्या याच प्रथेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

‘इस्लामी स्त्रीवाद’ म्हणजे काय? सगळ्याच मुस्लिम लेखिका त्यात येतात का?

येत नाहीत. ढोबळमानानं तीन प्रवाह ओळखता आले पाहिजेत. हुदा शारावी यांच्या १९२३ च्या इजिप्शियन स्त्रीवादी संघासारखा राष्ट्रवादी-धर्मनिरपेक्ष प्रवाह. झैनब अल-गझाली (१९१७–२००५) यांच्यासारखा इस्लामवादी प्रवाह: त्या शारावींच्या संघटनेतून बाहेर पडल्या, मुस्लिम स्त्रियांची वेगळी संघटना काढली, नासर यांच्या काळात तुरुंगात गेल्या आणि त्यावर आठवणी लिहिल्या. आणि १९९० च्या दशकात नाव मिळालेला इस्लामी स्त्रीवाद, जो समतेची मागणी कुरआनच्या फेरवाचनातून करतो.

काही जणी चौकटीत बसत नाहीत, आणि त्याच अधिक वाचनीय वाटतात. बिंत अश-शाती या टोपणनावानं लिहिणाऱ्या आयशा अब्द अर-रहमान (१९१३–१९९८) यांनी कुरआनचं साहित्यिक पद्धतीचं भाष्य लिहिलं. पहिला भाग १९६२ चा. त्यांनी स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेतलं नाही, तरी भाष्यकाराचं आसन घेतलं.

सबा महमूद यांचं २००५ चं पुस्तक इथं टाळता येत नाही. कैरोच्या मशिदींत धर्मशिक्षण घेणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून त्यांनी विचारलं की स्त्रीचं कर्तेपण फक्त विरोधातच का शोधायचं? धर्माचरण अंगी बाणवणं हेही कर्तेपण नाही का? सत्ता आणि वर्ग यांचा प्रश्न यात मागे पडतो, असा टीकाकारांचा आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. दोन्ही बाजू मांडाव्या लागतात.

मुंबईशी या प्रवाहाचा थेट दुवा आहे. २००७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनानं कुरआन आणि राज्यघटना या दोन्हींच्या आधारे युक्तिवाद केला. हाजी अली दर्ग्याच्या मझारीपर्यंत स्त्रियांना प्रवेश देणारा मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१६ चा निकाल त्यांच्याच याचिकेवरचा. तुलनात्मक प्रबंधासाठी हा खरा आणि फारसा न हाताळलेला विषय आहे.

कुरआन-हदीसवरचे युक्तिवाद कसे तपासायचे? मी तर साहित्याची विद्यार्थिनी आहे.

पद्धत शिकता येते. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांचं १९८७ चं फ्रेंच पुस्तक उदाहरणाला घ्या. ‘ज्यांनी आपला कारभार स्त्रीच्या हाती दिला त्यांचं भलं होणार नाही’ या हदीसची त्यांनी छाननी केली.

पहिली पायरी: हदीस कोणत्या संग्रहात, कोणत्या प्रकरणात आहे? ती बुखारींच्या संग्रहात दोन ठिकाणी येते. दुसरी: प्रसंग. इराणच्या लोकांनी किस्राच्या, म्हणजे तिथल्या सम्राटाच्या, मुलीला गादीवर बसवल्याची बातमी आली तेव्हाचं हे वचन, असं तिथं म्हटलं आहे. तिसरी: सांगणारा कोण आणि त्यानं ते केव्हा सांगितलं? अबू बकरा यांनी (पहिले खलिफा अबू बक्र वेगळे) ते सांगितलं ते ६५६ मधल्या उंटाच्या लढाईच्या संदर्भात, जिथं एका बाजूचं नेतृत्व पैगंबरांच्या पत्नी आयशांकडे होतं. चौथी: सांगणाऱ्याची विश्वासार्हता. मर्निसी दाखवतात की खलिफा उमर यांच्या काळात अबू बकरांना, त्यांनी दुसऱ्यावर केलेला व्यभिचाराचा आरोप सिद्ध न झाल्याबद्दल, फटक्यांची शिक्षा झाली होती.

विद्यार्थी इथंच थांबतात, आणि इथंच निबंध फसतो. पाचवी पायरी परंपरेच्या उत्तराची. हदीसशास्त्राच्या पंडितांनी साक्ष आणि कथन यांत फरक केला आणि सहाबा (पैगंबरांचे सोबती) कथनाच्या बाबतीत विश्वसनीयच, हा नियम लावून ही हदीस स्वीकारली. मर्निसींचा युक्तिवाद पटो वा न पटो, हे उत्तर दिल्याशिवाय तो अर्धाच राहतो. इब्न हजर यांचं बुखारीवरचं भाष्य यासाठी पाहावं.

पती-पत्नीच्या नात्यावरच्या कुरआनच्या ४:३४ या आयतीचंही तसंच. अमीना वदूद यांनी १९९२ मध्ये लक्ष वेधलं की ‘नुशूझ’ हा शब्द इथं पत्नीसाठी येतो आणि ४:१२८ मध्ये पतीसाठी, म्हणून त्याचा अर्थ केवळ ‘पत्नीची अवज्ञा’ असा लावता येत नाही. अस्मा बर्लास (२००२) याच वाटेनं पुढे जातात. केशिया अली आणि आयशा हिदायतुल्ला या विचारतात की आपल्या आजच्या समतेची कल्पना आपण संहितेवर लादत तर नाही? हिदायतुल्ला यांचं २०१४ चं पुस्तक या वाटेवरची सर्वांत प्रामाणिक आत्मपरीक्षा आहे. वदूद वाचून थांबलेला आणि हिदायतुल्लापर्यंत पोचलेला, असे दोन निबंध शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो.

हिजाबावर लिहायचं आहे. कुठं चुकतं?

वस्तूंच्या सरमिसळीत. डोक्यावरची ओढणी, चेहरा झाकणारा निकाब आणि अंगभर चादर या वेगळ्या गोष्टी आहेत. हुदा शारावी यांनी रोमच्या परिषदेहून परतल्यावर १९२३ मध्ये कैरोच्या रेल्वे स्थानकावर काढला तो चेहऱ्यावरचा पडदा. डोकं झाकलेलंच होतं. कुरआनात ३३:५३ मध्ये ‘हिजाब’ म्हणजे मधला पडदा, वस्त्रांचा उल्लेख २४:३१ आणि ३३:५९ मध्ये वेगळ्या शब्दांनी येतो.

दुसरी चूक वसाहतवाद विसरण्याची. लैला अहमद यांच्या १९९२ च्या ग्रंथातलं लॉर्ड क्रोमरचं प्रकरण वाचावं. इजिप्तच्या स्त्रियांच्या बुरख्यावर टीका करणारा हा इंग्रज अधिकारी मायदेशी स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या पुरुषांच्या संघटनेचा पुढारी होता, आणि इजिप्तमध्ये त्याच्या धोरणांनी मुलींच्या शिक्षणाला खीळ बसली. मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांचा ‘तिसऱ्या जगातली स्त्री’ या सरसकट कल्पनेवरचा लेख आणि लैला अबू-लुघोद यांचा २००२ चा लेख यांच्या जोडीला घ्यावा.

महाराष्ट्रात राहून हा अभ्यास करता येतो का? साहित्य कुठं मिळतं?

येतो, पण भाषा एका ठिकाणी आणि सिद्धान्त दुसऱ्या ठिकाणी शिकावा लागतो. मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे. लिंगभावाच्या अभ्यासासाठी एस.एन.डी.टी. विद्यापीठाचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र (१९७४ पासून) आणि पुणे विद्यापीठातलं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे. अरबीत पुढे जायचं तर दिल्लीचं जेएनयू, अलिगढ किंवा हैदराबादचं इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ. शक्यतो दोन मार्गदर्शक असावेत.

अरबी पुस्तकांसाठी हिंदावी फाउंडेशनचं संकेतस्थळ विनामूल्य आहे. मे झियादा, नवाल अस-सादावी यांची पुस्तकं तिथं वाचता येतात. जुन्या अरबी नियतकालिकांसाठी सख्र कंपनीचं डिजिटल संग्रहालय पाहावं. बैरूतहून १९७६ पासून निघणारं ‘अल-राइदा’ हे नियतकालिकही ऑनलाइन खुलं आहे. सुआद जोसेफ यांनी संपादित केलेला ‘स्त्रिया आणि इस्लामी संस्कृती’ हा सहा खंडांचा कोश मोठ्या ग्रंथालयातच मिळेल. जाण्याआधी नोंदींची यादी करून न्यावी.

विषय किती मोठा घ्यावा?

‘अरब कादंबरीतील स्त्री’ हा विषय होऊ शकत नाही. अरब लीगचे २२ सदस्य देश आहेत. एम.ए.साठी एक कादंबरी किंवा एका लेखिकेच्या तीन-चार कथा. पीएच.डी.साठी एक देश, एक कालखंड, तीन ते चार संहिता. ‘लेबनॉनच्या यादवीवरच्या १९७५ ते १९९० मधल्या दोन लेखिका’ हा विषय तीन वर्षांत पुरा होतो.

हा अभ्यास करायला मुसलमान असावं लागतं का?

नाही. श्रद्धावान आणि श्रद्धा नसलेले, दोन्ही प्रकारचे अभ्यासक यात आहेत. आपली भूमिका प्रस्तावनेत दोन ओळींत सांगावी आणि पुढे पुराव्यानं बोलावं.

अरबी नावं देवनागरीत कशी लिहावीत?

एक पद्धत ठरवून शेवटपर्यंत तीच पाळावी. ‘अल’नंतर त, द, र, झ, स, श, न यांसारखं अक्षर आलं की उच्चारात ‘ल’ त्यात मिसळतो: अस-सादावी, अश-शेख, अझ-झय्यात. म, ब, ह यांच्याआधी तसं होत नाही: अल-मलाइका, अल-बाऊनिया. संदर्भसूचीत ‘अल’ धरून क्रम लावू नये, नाहीतर निम्मी सूची ‘अ’खाली जमा होते. सादावी ‘स’मध्ये, हार्थी ‘ह’मध्ये. इंग्रजी ग्रंथालयात शोधताना एकाच नावाची दोन-तीन स्पेलिंगं घालून पाहावीत. सादावींची इंग्रजी पुस्तकं ‘ई’खाली लावलेली असतात, कारण तिथं त्यांचं नाव ‘एल सादावी’ असं छापलेलं आहे.